रायसिंगच्या टेम्पोवरचा शब्द

शमुवेल सरांना जाऊन महिना झाला होता, तेव्हा लग्नात बँड वाजवणारा रायसिंग टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. टेम्पो नुकताच रंगवलेला होता. दोन्ही बाजूंना मोर, समोर बँडचं नाव आणि मागच्या फळीवर एक पिवळी पट्टी, कोरी.

नवापूर ते खांडबारा या पट्ट्यात लग्नात वाजवणाऱ्या प्रत्येक बँडच्या टेम्पोवर मागे एक शब्द असतो, आणि तो शमुवेल सरांनी केलेला असतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांनी फोनवर ‘ऐकीव’ नावाचं पान सुरू केलं. लग्नात ऐकलेल्या बँडवर ते चार परिच्छेद लिहीत, आणि असलेला शब्द पुरेना की नवा करत. घामात भिजूनही गोड राहिलेला आवाज ‘घामगोड’. खुर्चीवरच्या माणसाला ओढून नाचात नेणारा ठेका ‘पायखेच’. एका गायकाने माइकमध्ये इतका इको भरला होता की सरांनी लिहिलं, ‘हा गायक फार इकोळतो.’ त्या बँडने ‘इकोळ’ सोनेरी अक्षरांत रंगवून घेतला. ती तक्रार होती हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सरांनी तर नाहीच.

रूथ ही त्यांची एकुलती मुलगी. पुण्यात शब्दकोशाच्या कामावर होती. नवं काही वाचलं की ती हमखास फोन करायची, “पप्पा, असा शब्द मराठीत नाही.”

“परवापर्यंत नव्हता,” सर म्हणायचे, आणि जेवलीस का ते विचारायचे.

“ताई,” सर गेल्यापासून आईकडेच राहिलेल्या रूथला रायसिंग म्हणाला, “सगळासना टेम्पोवर शब्द शे. मन्हाच कोरा शे. सर बोलनात, आयकीसन देसू. आते लोके इचारतस, काय सांगू?”

सरांनी त्याचा बँड ऐकायचं कबूल केलं होतं आणि त्याच आठवड्यात ते आजारी पडले. रूथने त्याला चहा दिला आणि ‘बघते’ म्हणाली. नाही म्हणणं सोपं होतं. पण नाही म्हणायचं तर विचारणाऱ्या लोकांसाठी पानावर लिहावं लागलं असतं की सर गेले. सुरतेकडे कामाला गेलेली पोरं, शहाद्याकडचे नोकरदार, असे तीन हजार वाचक होते. त्यांच्यासाठी सर अजून होते. जगात एवढी एक जागा आहे जिथे पप्पा गेलेले नाहीत, ही गोष्ट रूथला सोडवत नव्हती.

तिने पप्पांचा फोन उघडला. त्यात शब्दांची एक लांबलचक यादी सापडली, कुठेही न वापरलेल्या शब्दांची. त्यातला सगळ्यात देखणा तिने उचलला. ‘चांदणघाई’. रायसिंगने पाठवलेली क्लिप दोनदा ऐकली आणि पप्पांच्या ढंगात चार परिच्छेद लिहून पानावर टाकले. खाली नेहमीसारखं ‘शमुवेल’.

तासाभरात शहाद्याच्या योगेंद्र नावाच्या जुन्या वाचकाची कमेंट आली. ‘सर, या लेखात जनरेटर कुठे आहे? दर वेळी असतो. तब्येत बरी आहे ना?’

रूथला काही कळेना; लेखांत तिने आजवर फक्त शब्द तपासले होते. तिने आईला वाचून दाखवलं. रूपीबाई तांदूळ निवडत होत्या.

“तुझा बाप टेम्पोच्या मागे उभा राहून ऐकायचा, जनरेटरला टेकून,” त्या म्हणाल्या. “पुढे भोंग्यासमोर सगळेच राजे. मागे जनरेटरच्या घरघरीतून जे पोचेल तेवढंच खरं, म्हणायचा. प्रत्येक शर्टाला डिझेलचा वास. मी काय कमी धुतलेत? आणि हा शब्द कुठून काढलास?”

“त्यांच्या फोनमधून. यादी होती.”

रूपीबाईंचे हात थांबले. मग त्या इतक्या हसल्या की सूप खाली ठेवावं लागलं. महिन्याभरात पहिल्यांदाच.

“अगं, ते नापास! मास्तर होता ना तो. जमला नाही की शब्द त्या यादीत टाकायचा, पुन्हा हातून होऊ नये म्हणून. तू रायसिंगला नापास पोरगं दिलंस!”

रूथने घाईघाईने फोन लावला. पेंटरने खडूने अक्षरं आखून ठेवली होती. रंग लावायचा बाकी होता.

“रायसिंगभाऊ, थांबवा त्याला. तो शब्द तुमच्या बँडचा नाही. पप्पांनी नापास केलेला शब्द तो, आणि मी तो नुसती क्लिप ऐकून दिला.”

पलीकडे रायसिंगने पेंटरला थांबवल्याचं ऐकू आलं. “नापास शब्द दिधा माले?”

“हो. माझी चूक.”

“मंग बेस्तवारले या. खांडबाराले लगीन शे. दुपारपासूनच वाजाडतस.”

गुरुवारी रूथ टेम्पोच्या मागे उभी राहिली. धुराने डोळे चुरचुरत होते. पहिला तासभर नुसती घरघर. आपल्याला हे येणार नाही, असं तिला वाटत असतानाच कीबोर्डचा एक सूर लांबला. ठेका चालू होता, पण गाणं पुढे सरकेना. चूक झाली असावी म्हणून तिने वाकून पाहिलं. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून नाचणाऱ्यांच्या रांगेत एक म्हातारी शिरत होती, आणि तिचा हात शेजारणीच्या खांद्यापर्यंत पोचत नव्हता. रायसिंग तिच्याकडे बघत एकाच पट्टीवर बोट दाबून उभा होता. हात खांद्यावर बसला तेव्हा त्याने बोट उचललं आणि गाणं पुढे गेलं. नंतर हे आणखी तीनदा झालं. एकदा लहान मुलीसाठी, एकदा दारू प्यायलेल्या काकांसाठी आणि एकदा नवरीच्या आईसाठी, जी रडत होती.

घरी येऊन रूथने लिहायला घेतलं. पहिलं वाक्य लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘शमुवेल सर गेल्या महिन्यात वारले. हे मी लिहिते आहे, त्यांची मुलगी रूथ. मागचा लेखही माझाच होता, आणि तो नुसती क्लिप ऐकून लिहिलेला होता.’ मग तिने म्हातारीबद्दल लिहिलं, आणि जो सूर माणूस रांगेत येईपर्यंत गाणं धरून ठेवतो त्याला नाव दिलं. ‘थांबसूर’. असा शब्द कोशात नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिने तो तसाच ठेवला.

रायसिंगचा फोन आला. “ताई, थांब? टेम्पोना मांगे थांब लिखू? मांगल्या गाड्यासले वाटी त्यासलेच सांगी ऱ्हायना!”

“मग थांबतील बिचारे.”

“घामगोडसारखं गोड कायतरी द्या ना.”

“ते तुमचं नाही. हे तुमचं आहे. तुम्ही बोट उचलत नाही, ते मी पाहिलंय.”

तो हळूच म्हणाला, “ती म्हातारी मन्ही मावशी व्हती. तिले दिसत नही बराबर.” आणि मग, “मोठ्या अक्षरात लिखाले सांगस.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पानावर शेकडो लोकांनी सरांसाठी लिहिलं होतं. कुणी शाळेतली शिक्षा आठवली, कुणी आपल्या लग्नातला बँड. रूथने सगळं आईला वाचून दाखवलं. मध्ये दोनदा पाणी प्यायला थांबावं लागलं. शेवटी योगेंद्रचं होतं. ‘ताई, वाईट वाटलं. विचारावं की नाही कळत नाही. येत्या रविवारी माझ्या बहिणीचं, स्वप्नालीचं लग्न आहे, बँड साधाच आहे. सरांना बोलवायचं ठरलं होतं. तुम्ही याल का?’

“पुण्याला कधी जायचंय तुला?” रूपीबाईंनी विचारलं.

“शनिवारी.”

रूथने सोमवारचं तिकीट पाहिलं आणि योगेंद्रकडे पत्ता मागितला.