शिबिरातली कोरडी बादली

मी एक जुनी बादली आहे. पत्र्याची, एका बाजूने चेपलेली, कडी सैल झालेली. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकताना नाक मुरडावंसं वाटलं तर खुशाल मुरडा. मला नाक नाही, तरी सांगताना शिसारी येतेच.

एका कारागिराने पत्रा कापून, वळवून, ठोकून मला घडवलं. दुकानात दोरीला टांगलेली असताना एका शाळेने मला विकत घेतलं. सुरुवातीचे दिवस मोठे थाटाचे होते. शाळेच्या बागेचं पाणी माझ्यातून जाई. मुलं दोन्ही बाजूंनी मला धरत, सांडत, हसत. बागेला बक्षीस मिळालं तेव्हा माळीकाका म्हणाले, "यात हिचाही वाटा आहे बरं का!" पुढे रंगीत प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि मी अडगळीत पडले.

मग एका सुट्टीत शाळेने विद्यार्थ्यांचं शिबिर भरवलं, वस्तीपासून दूर एका मोठ्या आवारात. सामानाबरोबर मलाही नेलं. मोकळी हवा मिळणार म्हणून मी हरखून गेले. शिबिरप्रमुख सरांनी टोप्या, झेंडे, मंच, माइक, पाहुण्यांसाठी गादीच्या खुर्च्या, सगळं जातीने पाहिलं होतं. मला त्यांनी मुलींच्या संडासात ठेवायला सांगितलं. वाईट वाटलं नाही. काम ते काम.

दुसऱ्याच दिवशी पाण्याचा पंप जळला. नळ कोरडे पडले. प्यायचं पिंप तेवढं बाहेरून भरून आणलं, पण संडासात पाणी आणून ठेवायचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. संडास तुंबले. फरशीवर काळा, चिकट थर साचला. भिंतींवर बोटं पुसलेली. कोपऱ्यात कोणाला तरी ओकारी झाली होती, ती तशीच वाळून गेली. माझ्या तळाशी थोडं गढूळ पाणी उरलं होतं, त्यात एक झुरळ मरून फुगलं. माशा आधी फरशीवर बसत, मग माझ्या काठावर. मला माझंच अंग नकोसं झालं. जी मुलगी येई ती "शी!" म्हणून उलट पावली परत जाई.

त्यांत एक लहानखुरी मुलगी होती. तिला सगळे चिमणी म्हणत. ती मैत्रिणीबरोबर आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"जाऊन ये ना पटकन," मैत्रीण म्हणाली.

"नाही बाई, मला मळमळतं."

"मग काय करणार?"

"पाणीच प्यायचं नाही. सकाळपासून मी घोटभरही घेतलं नाहीये."

"मीसुद्धा कालपासून तेच करतेय," मैत्रीण हळूच म्हणाली.

पाहुणे यायचे होते त्या दिवशी भर उन्हात स्वागताची तालीम चालली होती. एकदम आरडाओरडा झाला. चिमणी चक्कर येऊन पडली होती. तिला उचलून माझ्या खिडकीखालच्या सावलीत आणलं. शिबिराचे डॉक्टर धावत आले. "पोरीच्या अंगात पाणीच उरलेलं नाही. दवाखान्यात नेतो, सलाइन लावावं लागेल."

खेळाच्या बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "अगं, पिंप भरलेलं आहे. प्यायली का नाहीस?"

"प्यायलं की जावं लागतं ना, बाई," चिमणी कशीबशी बोलली.

डॉक्टर तिला घेऊन गेले. बाई तडक संडासात आल्या, तोंडावर हात दाबून बाहेर पळाल्या आणि भिंतीपाशी भडाभडा ओकल्या. तेवढ्यात शिबिरप्रमुख सर आले.

"बाई, हे नंतर बघू. पाहुणे येतीलच आता."

"टँकर आलाय ना, सर? ते पाणी कुठाय?"

"मैदानावर मारतोय. धूळ उडाली तर पाहुण्यांना त्रास होईल."

बाईंनी संडासाचं दार सताड उघडलं. "सर, एकदा आत या."

"मी कसा येऊ? मुलींचं आहे ते."

"मुली येतच नाहीत इथे. या तुम्ही."

सरांच्या खोलीला वेगळी मोरी होती, तिथे पाणी भरलेलं असे. इकडे ते कधी फिरकलेच नव्हते. आत पाऊल टाकताच त्यांचा बूट घसरला. सावरायला भिंतीचा आधार घेतला आणि तळहात बरबटला. त्या हाताकडे ते बघतच राहिले.

"मुली हे वापरत होत्या?"

"नव्हत्या वापरत. म्हणून तर पोर पडली."

सर बाहेर गेले आणि ओरडले, "टँकर इकडे आणा! मैदान राहू दे!" बूट काढून, पँट दुमडून त्यांनी खराटा हातात घेतला. बाईंनी मला पालथं करून घासलं. सरांना मधेच उमासे येत. ते थांबत, पुन्हा घासायला लागत. एकाही मुलाला त्यांनी हाक मारली नाही.

पाहुणे आले, तेव्हा मंच रिकामाच होता. शोधत शोधत ते इथवर पोचले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "अहो, हे काय तुमचं काम आहे?"

"माझंच," सर म्हणाले. "करायचं राहिलं होतं."

पाहुणे तसेच गाडीत बसून निघून गेले.

संध्याकाळी चिमणी परतली. बाईंनी पेला पुढे केला. तिने आधी संडासाकडे पाहिलं.

"पी गं. संडास मी स्वतः धुतलाय."

तिने पेला संपवला, आणखी एक मागितला. मग पिंपाभोवती मुलींची झुंबड उडाली. मला इतक्यांदा भरलं आणि रितं केलं, की कडी निखळेल की काय असं वाटलं!

मित्रांनो, घाणीची किळस येण्यात काही गैर नाही. मला त्याहून जास्त किळस आली ती त्या शिंपडून गार केलेल्या मैदानाची. तुम्ही शिबिराला जाल आणि संडासातली बादली कोरडी दिसेल, तेव्हा लाजू नका, तहान मारून गप्प बसू नका. जो कोणी प्रमुख असेल, त्याचा हात धरा आणि त्याला आत घेऊन या.