बिनपंख्याचा कूलर आणि पंचवीस पिल्लं

मी एक जुना कूलर आहे, मित्रांनो. पण माझ्याकडून गार हवेची अपेक्षा धरू नका. माझा पंखा गेला, पंप गेला, गवताच्या टट्ट्याही गेल्या. उरलं ते पत्र्याचं खोकं. सानगडी गावात शकुनबाईंच्या घराच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, जुन्या बाजेशेजारी मी उभा असतो. माझा रंग एकेकाळी निळा होता, हे आता मलाच सांगावं लागतं.

साकोलीच्या एका दुकानात माझा जन्म झाला. कारागिरानं पत्रा कापला, ठोकला, तीन बाजूंना जाळीची दारं बसवली आणि पुढे पंख्यासाठी मोठं गोल भोक पाडलं. तीन बाजूंनी हवा आत घ्यायची आणि चौथीनं बाहेर सोडायची, एवढंच माझं शिक्षण. शकुनबाईंचे यजमान गोपीचंदभाऊ मला टेम्पोतून घरी घेऊन आले, तेव्हा बाईंनी मला कुंकू लावलं होतं. त्या उन्हाळ्यात काय माझा थाट! दुपारी अर्धी गल्ली माझ्यासमोर येऊन बसायची. त्यांचा छोटा कमलेश माझ्या तोंडाशी येऊन ‘आऽऽ’ करायचा आणि आवाज थरथरला की खदखदून हसायचा. मी फार माजलो होतो, खोटं कशाला बोलू?

पुढे गोपीचंदभाऊ वारले. कमलेश मोठा होऊन नोकरीसाठी पुण्याला गेला. एका वर्षी माझी मोटार जळाली आणि माझ्या पोटात फुटक्या टोपल्या, जुने जोडे, रिकामी पोती येऊन बसली. मला वाईट वाटायचं. पण शकुनबाईंकडे पाहिलं की माझं दुःख मला बोलायला लाज वाटे. सकाळी त्या एकदाच भात रांधायच्या आणि तोच दोन्ही वेळा खायच्या. संध्याकाळी कमलेशचा फोन यायचा. फोन स्पीकरवर ठेवायची त्यांना सवय, म्हणून मलाही सगळं ऐकू येई.

“जेवली का?”

“जेवली.”

“तब्येत?”

“बरी हाय.”

दिवसभरात त्या बोलायच्या ते एवढंच.

यंदा जानेवारीत शेजारच्या चंद्रकलानं त्यांना कोंबडीची पिल्लं पाळायला सुचवलं. ती स्वतः पाळते. कमलेशला कळलं तेव्हा तो फोनवर चिडलाच.

“आई, या वयात काहून हा उपद्व्याप? घर बंद कर अन् चल इकडं.”

“कायले बंद करू? मले सकाळी उठवणारं कोणी तरी पाहिजे ना घरात,” शकुनबाई म्हणाल्या. मग त्यांनीच अट घातली, “हे पिल्लं जगले त मी इथंच राहीन. नाही जगले त येईन तुया संग. मंग मी काही बोलणार नाही.”

आणि त्या पिल्लांसाठी घर म्हणून निवड झाली ती माझी! चंद्रकलानं माझं पोट रिकामं केलं, चुन्यानं पोतारलं, तळाशी धानाचा कोंडा पसरला आणि त्यावर वर्तमानपत्रं अंथरली. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून चेंगरतात, म्हणून माझे चारही कोपरे पुठ्ठा वाकवून गोल केले. पंख्याच्या भोकातून पिवळा बल्ब सोडला. आयुष्यभर मी गारवा दिला होता. म्हातारपणी ऊब द्यायची वेळ आली. मला तर नव्यानं नोकरी लागल्यासारखं झालं.

पिल्लं आली ती एक दिवसाची, पंचवीस. सगळी मिळून एका टोपलीत मावतील एवढी. शकुनबाईंनी प्रत्येकाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवून मगच त्याला माझ्यात सोडलं. मक्याचा बारीक भरडा वर्तमानपत्रावर टाकला.

“काकू, ध्यान देऊन पाहत जा,” चंद्रकलानं बजावलं. “बल्बाखाली गर्दी केली त समजा थंडी वाजून राहिली. लांब भिंतीले चिकटले त गर्मी होऊन राहिली. पसरून खेळले त ठीक हाय. यायले बोलता येत नाही, आपल्यालेच पाहा लागते.”

मित्रांनो, काय ती चिवचिव! माझा पत्रा अख्खा दिवस गुणगुणायचा. शकुनबाई पहाटेच उठून पाणी बदलायच्या. एक पिल्लू लंगडत होतं, त्याला त्या “लंगडे सरकार” म्हणायच्या. संध्याकाळी कमलेशचा फोन आला की फोन माझ्यावर धरायच्या. “ऐक, ऐक! तुया पेक्षा जास्त बोलतात माया संग.” कमलेश हसायचा. त्यांचं घर आता सुटत नाही, अशी माझी खात्री झाली होती.

सातव्या दिवशी सकाळपासून ढग दाटले आणि बोचरं वारं सुटलं. चारच्या सुमारास लाइन गेली. बल्ब विझला आणि पिल्लं एका जागी गोळा होऊन केविलवाणी ओरडू लागली. चंद्रकला नेमकी पाहुणपणाला गेली होती. शकुनबाईंनी विचार केला तो आईनं करावा तसाच केला. आमच्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली गोरशी ठेवतात. गोरशी म्हणजे मातीची शेगडी, भुसा धुमसत ठेवलेली. कमलेशच्या वेळी त्यांच्या आईनं तशीच ठेवली होती. त्यांनी गोरशी पेटवली, वर ओवा आणि लसणाच्या साली टाकल्या आणि विटेचा आडोसा करून माझ्या पोटात ठेवली. मग वारं लागू नये म्हणून तिन्ही जाळ्यांवर पोती बांधली, गोल भोकात बोळा कोंबला आणि वरून गोधडी टाकली. कुठे फट म्हणून ठेवली नाही.

मला सगळं कळत होतं. ज्याचा जन्मच हवा आत-बाहेर करण्यासाठी झाला, त्याला कसं कळणार नाही? धूर माझ्या पोटात साचत गेला. पिल्लं चोची वर करून श्वासासाठी धडपडू लागली. मी मनात किती ओरडलो, शकुनबाई, गोधडी काढा! पण पत्र्याला कुठलं तोंड? चिवचिव कमी कमी होत गेली आणि थांबली.

“झोपले बिचारे,” शकुनबाई समाधानानं म्हणाल्या आणि बाजेवर टेकल्या.

तेवढ्यात फोन वाजला. “आई, तुये पाहुणे ऐकव,” कमलेश म्हणाला. त्यांनी हसत गोधडी उचलली आणि फोन आत धरला. फोनमध्ये काहीच गेलं नाही.

“आई? आवाज काहून नाही येऊन राहिला?”

पुढचं सांगताना मला अजून जड जातं. त्यांनी पोती ओढून फाडली, गोरशी हातानंच बाहेर फेकली, पदरानं वारा घातला, एकेक पिल्लू उचलून अंगणात नेलं. सोळा हळूहळू मान उचलू लागली. नऊ उठली नाहीत. लंगडे सरकार त्या नऊ पिल्लांत होते. हात भाजल्याचं शकुनबाईंना कळलंही नाही. फोन कोंड्यात पडला होता आणि कमलेश त्यातून “आई, आई” करत होता.

पुढचे दोन दिवस फोन यायचा. “जेवली का?” “जेवली.” “तब्येत?” “बरी हाय.” जेवण तर चुलीवर चढलंच नव्हतं. पिल्लांना दाणा-पाणी वेळेवर मिळे. पण शकुनबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सपरीत बॅग आपटल्याचा आवाज झाला. कमलेश होता.

“तू काहून आला?” शकुनबाई चकित झाल्या. “मी त बरी हाय म्हणलं होतं.”

“म्हणूनच आलो,” तो म्हणाला. त्यानं आईचा भाजलेला हात हातात घेतला, आणि तेव्हा कुठे त्या हमसून हमसून रडल्या. “माया हातानं मेले रे. आता तू म्हणशील तिकडं येईन.”

कमलेश बराच वेळ माझ्या काठावर हात ठेवून आत पाहत राहिला. सोळा पिल्लं बल्बाखाली पसरून दाणे टिपत होती.

“तू आली त यायच्याकडे कोण पाहीन?” तो म्हणाला. “राह्य तू इथं. मीच येत जाईन.”

तो आठ दिवस राहून गेला. पिल्लं वाढली, मी त्यांना अपुरा पडू लागलो आणि ती अंगणात गेली. मी पुन्हा रिकामा झालो. शकुनबाई तिकडे कोंबड्यांशी भांडत असतात. इकडे माझ्या पोटात कोंड्याचा वास तेवढा उरला आहे. एकटं वाटतं. पण त्याहून ते नऊ जीव आठवतात.

म्हणून, मित्रांनो, ज्यांना जपता त्यांना ऊब जरूर द्या. पण वेळोवेळी पांघरूण उचलून पाहत जा. घरातलं कोणी गप्प झालं, तर ते सुखानं झोपलं आहे असं समजून बसू नका. त्या दिवशी मला सगळं कळत होतं आणि तोंड नव्हतं. तुम्हाला ते आहे. जाऊन विचारा.