खोटं मी बोललो नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना वर्णपटमापक आहे आणि मी रागावलेलो आहे. दूरच्या प्रकाशाचे रंग उलगडायचे आणि त्यांतल्या बारीक काळ्या रेघा इथल्या एका दिव्याच्या रेघांशी ताडून मोजायच्या, हे माझे काम. वेधशाळेच्या तळघरात सहा वर्षे खपून मला जोडले. माझी भिंगे घासली ती भिंगताईने. तिचे खरे नाव कुणी घेतच नसे.

आमचा प्रश्न मोठा होता. प्रकाश आणि अणू यांचे नाते एका ठरावीक आकड्याने बांधलेले आहे. आज इथे आहे तोच आकडा अब्जावधी वर्षांपूर्वी, दूर दूर तिकडेही होता का? तो बदलला असेल, तर त्या रेघा एकमेकींपासून केसभर सरकलेल्या दिसतील.

एका दिशेच्या प्रकाशात त्या सरकलेल्या दिसल्या. या कामाचे प्रमुख असलेल्या सरांना आकाश ठेंगणे झाले. भिंगताईने मात्र मला उघडून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, तुलनेच्या दिव्याचा प्रकाश तिरका पडतोय. रेघा आकाशात नाही, आपल्या यंत्रातच सरकल्यात. आठ दिवस द्या, नीट करते."

"उद्या पत्रकार येणार आहेत. राईचा पर्वत करू नकोस."

"मग शोधनिबंधावर माझं नाव नको."

"नाही घालत. अडलंय कुणाचं?"

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या पाठीवर थाप मारत फोटो काढून घेतले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो! वर्षभराने दुसऱ्या दुर्बिणीला असा काही फरक दिसला नाही. चौकशी समिती तळघरात आली, तेव्हा तेच सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या यंत्रानं आम्हाला फसवलं." नाचता येईना अंगण वाकडे!

भिंगताई पुढे आली. तिने वही उघडली आणि तिरक्या दिव्याची आपली नोंद तारखेसकट वाचली. मग रागाने ती वही समितीपुढे आपटली. सरांना निबंध मागे घ्यावा लागला.

मग तिने दिवा सरळ केला आणि पुन्हा मोजले. फरक असलाच तर आमच्या मापात न येण्याइतका लहान. आकडा बदलतो की नाही, ठाम सांगता येत नाही. माझ्या आयुष्यातले हे सर्वांत खरे उत्तर. ते ऐकायला एकही पत्रकार फिरकला नाही. महिन्याभरात माझी रवानगी अडगळीत झाली.

मित्रांनो, यंत्राची निगा म्हणजे वरून फडके फिरवणे नव्हे. ते कुठे चुकते, हे आधी शोधा. ज्याला तोंड नाही त्याच्या तोंडी आपल्या हावेचे शब्द घालू नका. 'अजून माहीत नाही' म्हणायची लाज वाटत असेल, तर माझ्या झाकणाला हातही लावू नका!