बायकोचा रकाना

ओरेस्ट ह्नाटिकने दुसरी नोकरी पैशासाठी धरलेली नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी ते बोलून दाखवत नव्हतं. दिवसभर तो धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी बसायचा. पण बायको, ओल्गा, वारल्यापासून पाचनंतरचं घर त्याला खायला उठायचं. म्हणून त्याने कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायच्या खेळाच्या क्लबात, संध्याकाळचं काम घेतलं. खेळ सुरू होण्याआधी बर्फ तासायचा, त्यावर कोमट पाण्याचे थेंब शिंपडायचे. येणारे-जाणारे दहाजण “काय ओरेस्ट” म्हणायचे. तेवढ्यावर त्याचा दिवस निभावायचा.

मार्चमध्ये वाचनालयात लोकांची करविवरणं फुकट भरून देणाऱ्या मार्लिन ड्यूकने त्याच्या दोन्ही नोकऱ्यांचे कागद शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. सरकारचं पाच हजार आठशे डॉलर देणं निघत होतं. क्लबात त्याने वर्षभरात कमावले होते नऊ हजार.

नोकरी धरताना जो फॉर्म भरतात, त्यावर करातली सूट एकाच मालकाकडे मागायची असते, असं तिने समजावलं. याने ती दोन्हीकडे मागितली, म्हणून पगारातून कर कमी कापला गेला. ही चूक पुष्कळांची होते. पण न कमावणाऱ्या बायकोची सूटही दोन्ही फॉर्मांवर होती.

“ओल्गाबाईंना जाऊन...” मार्लिन अडखळली.

“मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरात गेली,” ओरेस्ट म्हणाला. अठरा वर्षं तेच लिहितोय, हात आपोआप गेला असेल, असंही म्हणाला.

मार्लिन पोरगी समंजस होती, पण तिला हिशेबच दिसत होता. एवढा कर भरून हातात काय राहतं, सोडून द्या ती संध्याकाळची कटकट, असं ती म्हणाली. नोकरी ठेवता येईल ना, एवढंच ओरेस्टने दोनदा विचारलं. येईल की, तिने सांगितलं. फक्त क्लबात नवा फॉर्म भरून सगळीकडे शून्य टाका, आणि कोठारावरच्या फॉर्मातून बायकोची सूट काढा.

क्लबाचं ऑफिस सांभाळणाऱ्या व्हर्नाने त्याचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. खणातून कोरा फॉर्म काढून पुढे ठेवला.

“तू फॉर्म भरलास तेव्हाच मला दिसलं होतं रे.”

“मग बोलली का नाहीस?”

“ओल्गाला खोडून टाक, असं तुला मी सांगू?”

ओरेस्टने फॉर्म आपल्याकडे ओढला.

“हात आपोआप गेला म्हणून मार्लिनला सांगितलं,” तो म्हणाला. “तसं नव्हतं. बायको आहे का, असं मला दुसरं कुणी विचारतच नव्हतं, व्हर्ना.”

व्हर्नाने पेन पुढे केलं. त्याने बायकोच्या रकान्यात शून्य काढलं, सावकाश, कुठे उघडं राहू नये असं. मग फॉर्म तिच्याकडे सरकवून त्याने विचारलं, रविवारीही कामाला कुणी हवंय का.