दुसरा डोब्रान्स्की

विल्बर हॅजेट घरापुढची मेपलची पानं दाताळ्यानं ओढत होता, आणि कोल्बी रॅटिगन रस्त्याच्या कडेला केव्हापासून उभा होता कोण जाणे. विल्बरचं लक्ष गेलं तेव्हा पोरानं टोपी काढली. कॉर्लिस फेरी गावात शाळेच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, कुणापुढे टोपी काढत नाही. लोकच त्याच्यापुढे काढतात.

"मिस्टर हॅजेट, एक काम होतं."

"बोल की."

"ते रेडिओवर माझ्याबद्दल म्हणालात ना, ते मागे घ्याल का?"

'ते' म्हणजे काय, हे विल्बरला विचारावं लागलं नाही. सप्टेंबरातल्या पहिल्याच सामन्यात या पोरानं अर्धं मैदान ओलांडून चेंडू असा भिरकावला, की विल्बरच्या तोंडून निघून गेलं, "लोकहो, डोब्रान्स्की परत आला!" एरवी विल्बर चारचौघांत तोंड उघडणारा माणूस नव्हे. त्याची नोकरी पाणीखात्यात मीटर वाचण्यात गेली होती. पण गावच्या रेडिओवर सामन्याचं वर्णन करायला मायक्रोफोनपुढे, काचेआड बसलं की त्याची जीभ सुटायची. आणि गावाची रीत अशी, की सामना डोळ्यांपुढे चाललेला असला तरी माणसं कानाशी रेडिओ धरूनच तो बघणार. विल्बरनं सांगितल्याखेरीज त्यांना घडलेलं घडल्यासारखं वाटत नसे. त्याचं वाक्य संपायच्या आत सगळा स्टँड "डोब्रान्स्की! डोब्रान्स्की!" म्हणून दणाणून गेला होता.

स्टॅन डोब्रान्स्कीनं गावाला राज्याचं अजिंक्यपद मिळवून दिलं, त्याला एक पिढी लोटली. पुढल्याच वर्षी पोलादाचा कारखाना बंद झाला. त्यानंतर गावात सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. त्यामुळे विल्बरचं ते वाक्य लोकांनी हातातून खाली ठेवलंच नाही. शाळेच्या काचेच्या कपाटातला स्टॅनचा चौदा नंबरचा अंगरखा काढून पोराच्या अंगात चढवला गेला. न्हाव्यानं त्याचे केस स्टॅनसारखे कापले. प्रशिक्षकानं डावच बदलून टाकले, की चेंडू हातात आला रे आला की लांब फेकायचा. तो प्रतिपक्षानं पकडला तरी म्हातारे खूश. "स्टॅनचेही असेच पकडले जायचे!" असं एकमेकांना कोपरानं ढोसून सांगायचे.

"लोक किती प्रेम करतात तुझ्यावर," विल्बर म्हणाला. आपलं बोलणं आपल्यालाच पटलेलं नाही, हे त्याला ऐकू आलं.

"माझ्यावर नाही करत," कोल्बी म्हणाला. "मी हात वर केला ना, की मला कळत नाही हा हात माझाय की मिस्टर डोब्रान्स्कींचा. शनिवारी शेवटचा सामना. एकदा तरी मला मी म्हणून खेळायचंय."

"गेल्या साली ज्युनिअर संघात तू छोटे छोटे पास फेकायचास. फार सफाईदार. मी बघायला यायचो."

"हो, फेकायचो."

"मग झालं तर! तोच तुझा खेळ." विल्बरला एकदम हलकं वाटलं. "तू काळजी करू नकोस, पोरा. मी बघतो काय करायचं ते."

कोल्बी काहीतरी बोलणार होता. पण तेवढ्यात समोरच्या घरातून कुणीतरी "काय डोब्रान्स्की, शनिवारी उडवणार ना?" म्हणून हाक मारली, आणि तो हात हलवून निघून गेला.

शनिवारी दुपारी नदीपलीकडच्या एल्डर्टनशी सामना होता. काचेच्या खोलीत विल्बरशेजारच्या खुर्चीत खुद्द स्टॅन बसला होता. दर सामन्याला बसायचा. आता त्याचं टायरचं दुकान होतं, पोट सुटलं होतं, आणि गुडघा उतरत्या पायऱ्यांवर कुरकुरायचा. त्याच्या हातात सॉसेजचा पाव होता.

"स्टॅन, आज मी ते शब्द मागे घेणार आहे," मायक्रोफोन बंद असताना विल्बर म्हणाला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस."

"घे की! मला काय त्याचं?" स्टॅननं बोटावरची मोहरीची चटणी चाटली. "पोरगं परवा दुकानात आलं होतं. मला म्हणतं, सर, तुम्ही कसे उभे राहायचा? मी म्हटलं, लेका, मला आठवत नाही. मलाच लोक सांगतात मी कसा उभा राहायचो. सगळं त्यांना पाठ आहे. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त."

"मग तुलाही नको होतं?"

"टायर खपतात रे त्या नावावर," स्टॅन म्हणाला आणि काचेबाहेर बघत राहिला.

सामना नेहमी जसा जायचा तसाच गेला. कोल्बीनं लांब फेकलं, कधी साधलं, कधी फुकट गेलं. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा कॉर्लिस फेरी चार गुणांनी मागे होती आणि चेंडू मैदानाच्या मध्यावर होता. टचडाउनशिवाय, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुण मिळवल्याशिवाय, गत्यंतर नव्हतं. प्रशिक्षकानं टाइमआउट मागितला. पोरं कडेला, त्यांच्या बाकापाशी गोळा झाली. बाकामागेच सरबताचा ठेला, आणि ठेल्यावरचा रेडिओ नेहमीसारखा कानठळ्या बसवत होता.

स्टँडमध्ये घोष सुरू झाला, "डोब्रान्स्की! लांब! लांब!"

आताच, असं विल्बरला वाटलं. त्यानं मायक्रोफोन जवळ ओढला. "लोकहो," तो म्हणाला, "सप्टेंबरात मी एक चूक केली. हा मुलगा डोब्रान्स्की नाही. कधीच नव्हता. लांब फेकणं हा त्याचा खेळच नव्हे. कोल्बी रॅटिगन हा छोट्या छोट्या पासांचा खेळाडू आहे. पाऊल पाऊल पुढे सरकणारा, डोकं शांत ठेवणारा. त्याला त्याचं खेळू द्या."

घोष विरला. माणसं कानाशी रेडिओ धरून तशीच बसली. खाली बाकापाशी कोल्बीनं मान वर करून काचेकडे पाहिलं. एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तो आपले आभार मानतोय असं विल्बर धरून चालला.

खेळ सुरू झाला. कोल्बीनं चेंडू घेतला, चार पावलं मागे गेला, हात उचलला. पार टोकाला त्याचा ऐंशी नंबरचा गडी एकटा धावत होता. हात कानामागे गेला. थांबला. खाली आला, आणि चेंडू अलगद जवळच्या गड्याकडे गेला. सात यार्ड.

"बघितलंत!" विल्बर ओरडला. "हा खरा कोल्बी!"

पुन्हा छोटा पास, घड्याळ थांबवायला कडेच्या रेषेबाहेर उडी. पुन्हा एक, मग आणखी काही, शेवटच्या रेषेच्या तोंडाशी येईपर्यंत. काही सेकंद उरले असताना कोल्बी स्वतःच चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसला आणि रेषेपलीकडे पडला. टचडाउन. सामना जिंकला.

विल्बर खुर्चीतून उठला. इतका आनंद त्याला बायको असताना झाला असेल, त्यानंतर नाही. लोखंडी जिना उतरताना दोन म्हातारे वर येताना भेटले. दोघांचे डोळे ओले होते.

"विल्बर, काय बोललास रे! आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. हा डोब्रान्स्की नाहीच. हा पीट गॅलो आहे!"

"कोण?" विल्बरनं विचारलं.

"अरे, आमच्या वेळचा! आम्ही शाळेत होतो तेव्हाचा. असेच छोटे पास, अशीच शांत मुद्रा. हुबेहूब! गॅलोचा नंबर सात. तो अंगरखा त्याच्या बहिणीकडे असेल, आत्ताच फोन करतो."

मागून स्टॅन मोठ्यानं हसला, आणि मग हसायचा थांबला.

कोल्बी जिन्याच्या तळाशी उभा होता. हेल्मेट काखेत, कपाळावर मातीचा पट्टा. विल्बरनं दोन्ही हात पुढे केले.

"आता तर झालं ना, पोरा?"

"ऐंशी नंबर एकटा होता," कोल्बी म्हणाला. "तुम्हाला वरून दिसला असेल."

"दिसला ना. पण तू किती शहाणपणानं..."

"मला फेकायचा होता. लांब. मनापासून फेकायचा होता मिस्टर हॅजेट, कुणासारखा म्हणून नाही. पहिल्यांदाच असं वाटलं."

"मग फेकला का नाहीस?"

"तुम्ही नुकतंच सगळ्यांना सांगितलं होतं ना, मी लांब फेकणारा नाही म्हणून."

विल्बरचे हात पुढेच राहिले. "पण तूच म्हणाला होतास..."

"मी म्हणालो होतो, ते शब्द मागे घ्या. दुसरे द्या असं नव्हतो म्हणालो."

तो चिडून बोलत नव्हता.  तो थकल्यासारखा बोलत होता, सतरा वर्षांच्या पोरानं इतकं थकू नये तसा.  पुढल्या वेळी मी काहीच म्हणणार नाही, असं सांगावं असं विल्बरच्या मनात आलं. पण पुढली वेळ नव्हतीच. हंगाम संपला होता.

मैदानातून गर्दी इकडे लोटत होती. बाया, माणसं, बँडमधली पोरं, सगळ्यांच्या तोंडी आता ते नवं नाव होतं, आणि निम्म्यांनी तो गॅलो जन्मात पाहिला नव्हता.

"गॅलो! ए गॅलो! इकडे बघ!" कुणीतरी फोटो काढायला ओरडलं.

कोल्बीनं विल्बरकडे पाहिलं. मग त्या हाकेला मागे वळला, आणि हसला.