वर्गात दाबलेलं ‘होय’

मी वर्गात शिकवत होते आणि टेबलावरचा फोन सारखा थरथरत होता. ‘विद्यापीठाच्या मेलमध्ये आपणच लॉगिन करत आहात का?’ नाही म्हटलं की पुन्हा तेच. मुलं हसायला लागली. माझं डोकं फिरलं. एकदाचं ‘होय’ दाबलं आणि फोन पर्समध्ये कोंबला.

जेवणाच्या सुट्टीत मेल उघडली. माझ्या नावानं भराभर मेल सुटत होत्या. ‘सुधारित वेळापत्रक जोडले आहे, लगेच पाहावे.’ मी असलं काही लिहिलंच नव्हतं. डोळ्यांदेखत आणखी एक गेली, माझ्याच वर्गातल्या मुलीला. असलं काही उघडलं की चोर थेट आपल्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो, एवढं मलाही कळतं. आणि ती बिचारी माझं नाव बघून उघडणारच.

कळवायचं संगणक विभागाला, आणि तिथे बसते माझी थोरली नणंद. परवाच पासवर्डवरून तिनं उपदेश सुरू केला, तेव्हा मी फाडकन म्हणाले होते, “ताई, मी काही कुक्कुलं बाळ नाही.” आता हे ती जन्मभर ऐकवणार. एवढा विचार करेपर्यंत आणखी दोन मेल गेल्या. स्वतःचाच संताप आला. फोन लावला.

“ताई, माझ्या खात्यात कुणीतरी शिरलंय. चुकून ‘होय’ दाबलं मी.”

“कधी?”

“आत्ताच.” ‘सकाळी’ म्हणायला जीभ वळलीच नाही.

“मग वेळेत सांगितलंस. खातं बंद केलं बघ. आत्ता ज्यांना मेल गेल्या, तेवढ्यांना सावध करते. सकाळी तुझी मेल आली त्यांना उगाच कशाला घाबरवायचं?”

म्हणजे सकाळच्या मेल उघडणाऱ्यांना कुणीच सावध करणार नव्हतं.

“ताई, खोटं बोलले. आत्ता नाही, सकाळी पहिल्याच तासाला दाबलं.”

पलीकडे नुसती माउसची टिकटिक. एरवी ही बाई श्वास घ्यायलाही थांबत नाही.

“ताई, बोला ना. हवं तर शिव्या घाला.”

“सकाळी मलाही आलं तुझं वेळापत्रक,” ती हळूच म्हणाली. “म्हटलं, बाईसाहेबांना आठवण झाली आपली. उघडलं मी.”

तिच्याच मशीनवरून सगळ्या विद्यापीठाची खाती चालतात.

खसकन कॉम्प्युटरची वायर उपसल्याचा आवाज आला. मग फोन न ठेवताच तिनं तिच्या साहेबांना हाक मारली.

“साहेब, जरा इकडे येता का? माझ्याकडून चूक झालीय. आत्ता नाही, सकाळीच झालीय.”