थोरला गेला

कादंबरीच्या एकशे बाराव्या पानावर प्लंबरने लिहिलं होतं, ‘थोरला गेला.’ त्याच्या डोक्यात थोरला नुसता दाराबाहेर गेला होता. मावशीने टाइप करताना त्याला कायमचा घालवला.

दोष कुणाचा, यावरून सकाळपासून स्वयंपाकघरात जुंपली होती. प्लंबर दिवसभर लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे करायचा आणि कामावर निघण्याआधी दोन तास लिहायचा. अशी नऊ वर्षं काढली त्याने. शाळा आठवीत सुटली. भाषा शिकला ती रद्दीतल्या पुस्तकांतून आणि गिऱ्हाइकांच्या शिव्यांतून. अक्षर म्हणाल तर शाईत पडलेली मुंगी जीव वाचवायला पळाल्यासारखं. ते लागायचं फक्त मावशीला. आणि मावशीने जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीत एकतीस वर्षं टाइपरायटर बडवलेला. तिथे ‘गेला’ या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

तेवढ्यावर भागतं तर एक ओळ बदलून काम झालं असतं. पण मावशी कामाला चोख. पुढच्या दोनशे तीस पानांत थोरला जिथे जिथे बोलला, जेवला, भांडला, तिथून तिने त्याला उचलून काढला. मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्यं घालणं तिच्या नियमात बसेना. वर, टाइप करून झालं की हाताने लिहिलेला मूळ कागद फाडून टाकायचा, म्हणजे एका माणसाची दोनदा नोंद होत नाही, ही कचेरीची शिस्त तिने घरीही पाळली होती. सोमवारी प्रकाशकाला पानं द्यायची होती. त्या पानांत आता धाकट्या भावाची बायको रिकाम्या खुर्चीशी भांडत होती, आणि हरतही होती. धाकट्याच्या गालावर थोबाडीत आपोआप वाजत होती.

“मावशी, गेला म्हणजे बाहेर गेला,” प्लंबर दातओठ खात म्हणाला.

“घरातून निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. तुझा थोरला अवाक्षर बोलला नाही. खाली तू दोन ओळी मोकळ्या सोडल्यास आणि लिहिलंस, ‘घर सुन्न झालं.’ मी काय समजायचं, भाजी आणायला गेला?”

 ते सुन्न होणं प्लंबरने उगाच, भारदस्त वाटावं म्हणून घातलं होतं. हे कबूल करण्यापेक्षा त्याने एखादी मोरी हाताने उपसली असती.

त्याने फर्मावलं, आत्ताच्या आत्ता त्याला जिवंत कर. मावशीने चष्मा पुसला आणि सांगितलं की मृत्यूची नोंद तोंडी फिरत नसते. अर्ज लागतो, हयातीचा दाखला लागतो. प्लंबरने जी काही शिवी दिली ती कानाआड करून तिने मशीनमध्ये कोरा कागद चढवला. नाव, थोरला. अर्जदार, लेखक. हे रक्ताचं नातं का, असं तिने विचारलं. प्लंबर म्हणाला, रक्ताच्या वरचं. तिने ‘इतर’ असं टाइप केलं.

“एकशे बारा ते एकशे एकोणीस पान. वास्तव्य कुठे?”

 धाकट्याच्या बायकोला कपाट उघडायचं होतं, म्हणून प्लंबरने थोरल्याला खोलीतून हाकललं होतं. सात पानांनी तो जेवायला परत बसला होता. मध्ये तो कुठे होता?

“लिही, बाहेर.”

“बाहेर हे काय ठिकाण आहे? तसला पत्ता लिहून मी कुणाला जिवंत ठेवलं नाही.”

मग तो बाजारात होता म्हणाला. मावशीने विचारलं, काय आणलं? काही नाही. मित्राकडे म्हणाला. कुठला मित्र? थोरल्याला साडेतीनशे पानांत एक मित्र नव्हता.

“सात पानं तुझा माणूस कुठे होता ते तुलाच ठाऊक नाही,” मावशी हळूच म्हणाली. “मग मी मारला कुठे रे? तो होताच कधी?”

हे मात्र लागलं. प्लंबरने उठून प्रकाशकाला फोन लावला, सोमवार जमणार नाही म्हणून सांगितलं. का, तर थोरला सापडत नाही. प्रकाशकाचा आवाज एकदम खाली आला. त्याने विचारलं, कधीपासून?

“नऊ वर्षं झाली.”

प्रकाशक म्हणाला, पोलिसांत फोटो द्या, अशा दुःखात पुस्तकाची घाई करू नका. प्लंबरने आभार मानले, कोरा कागद ओढला आणि थोरल्याला दाराबाहेर उभं केलं. चार मजल्यांचा जिना. कठडा गार. दोन मजले थोरला मुकाट उतरला. तिथे बसला. प्लंबरने त्याला बाजाराकडे ढकललं, मित्र देऊ केला, घरी आग लावायची धमकी दिली. थोरला हलेना.

“उठत नाही गं हा,” प्लंबर रडकुंडीला येऊन म्हणाला.

मावशीने त्याच्या खांद्यावरून कागद वाचला, जागेवर जाऊन बसली आणि अर्जातला वास्तव्याचा रकाना भरला: ‘जिन्यात, दुसरा मजला. कारण सांगत नाही.’